औषध लागू पडतंय का? एमआरआय की पेट स्कॅन

खानापूरची भाची बेळगावात एम. फार्म. करते. कर्करोगावरच्या औषधाचा परिणाम मोजायला एमआरआय धरू की पेट, इथं तिचं घोडं अडलंय. म्हटलं, यंत्रवाल्यांची चकचकीत पत्रकं आधी बाजूला ठेव.

मोजतात काय, ते बघ. पेटमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात. गाठीच्या भुकेल्या पेशी ते ओढून घेतात आणि उजळतात. पण क्षयाची गाठही तशीच उजळते, आणि आपल्याकडे हे विसरून चालत नाही. मेंदू तर मुळातच साखरखाऊ, त्यातली गाठ झाकोळून जाते.

एमआरआयची खरी गंमत डिफ्युजनमध्ये, म्हणजे पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते मोजण्यात. गाठीत पेशींची दाटी म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशीची गणपत गल्ली. पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नाही. औषधानं पेशी मेल्या की वाट मोकळी होते आणि हे हलणं सांगणारा एडीसी हा आकडा वाढतो, कधी कधी गाठ आकसण्याआधीच. गॅडोलिनियम हे प्रतिमा उठावदार करणारं द्रव्य टोचून रक्तवाहिन्या किती गळक्या आहेत तेही कळतं. गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत ते वापरतात.

किरणोत्सार एमआरआयला नाही, पुन्हा पुन्हा काढता येतो. पेटच्या ग्लुकोजला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 सुमारे 110 मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रापासूनचा प्रवास घड्याळ लावूनच. एमआरआयची खोड वेगळी: दोन यंत्रांवरचे आकडे जुळतीलच असं नाही.

लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) किंवा अंगभर पसरलेला रोग असेल तर पेट. मेंदू, प्रोस्टेट, रक्तवाहिन्यांवरचं औषध असेल तर एमआरआय. तुला उंदरांवर दर आठवड्याला मोजायचंय ना, मग एमआरआयच घे गं. फक्त यंत्र शेवटपर्यंत एकच ठेव.