लोकरीची प्रेसिंग मॅट: काही महिने वापरल्यानंतर

क्विल्टसाठी, म्हणजे गोधडीसाठी, कापडाचे तुकडे जोडायला बसलं की मशीनइतकाच वेळ इस्त्रीजवळ जातो. टीप मारायची, शिवण दाबायची, पुढचा तुकडा घ्यायचा, पुन्हा टीप. म्हणून इस्त्रीखाली काय आहे, याला मी फार महत्त्व देते. गेले काही महिने नेहमीच्या इस्त्री बोर्डाऐवजी मशीनच्या शेजारी दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, साधारण अर्धा इंच जाडीची मॅट ठेवली आहे. छोट्या तुकड्यांचं जवळजवळ सगळं काम तिच्यावरच केलं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मापात. अडीच इंचांचे तीन चौकोन पाव इंच मार्जिन (शिवणीबाहेर राहणारी कापडाची कड) धरून जोडले, तर पट्टी साडेसात नाही, बरोबर साडेसहा इंच यायला हवी. पण शिवण पूर्ण उलगडली नाही आणि घडीत मिलिमीटरभर कापड अडकून राहिलं, तर प्रत्येक शिवणीत तेवढं माप जातं. असे तीन-तीन चौकोन रुंदीचे 8 ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौरस भाग) एका ओळीत जोडले की 23 शिवणी येतात, म्हणजे 23 मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. मग शेजारची ओळ जुळता जुळत नाही, आणि दोष मात्र कटिंगला दिला जातो. या मॅटवर शिवण खरोखर तळापर्यंत उलगडते. लोकर उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे कापड खालूनही गरम राहतं. शिवाय मार्जिनची जाडी लोकरीत थोडी रुतते आणि पुढच्या बाजूला मार्जिनच्या कडेची चकचकीत रेघ उमटत नाही. गडद रंगांवर हे लगेच दिसतं.

दुसरा फायदा पकडीचा. लोकरीवर कापड सरकत नाही. त्रिकोण जोडताना उरेब, म्हणजे विणीला तिरप्या कापलेल्या, कडा असतात आणि इस्त्री पुढे-मागे फिरवली की त्या ताणल्या जातात. चौकोनाचा पतंग व्हायला वेळ लागत नाही. मॅटवर तुकडा जागच्या जागी बसतो, इस्त्री उचलून ठेवायची, पुन्हा उचलून ठेवायची, एवढंच. शिवण आधी बंद असतानाच एकदा दाबून घेते, म्हणजे टिपेचा धागा कापडात बसतो. मग उलगडून बोटाने घडी पाडायची आणि वरून इस्त्री. हा क्रम कुठेही पाळावा, पण इथे तो फार सहज होतो.

मात्र ‘एकाच वेळी दोन्ही बाजूंनी इस्त्री’ हे जे जाहिरातीत सांगतात, ते मला अर्धंच पटतं. उष्णता दोन्हीकडून मिळते, दाब नाही. मऊ पृष्ठभागावर घडीला ती करकरीत धार येत नाही, जी कडक बोर्डावर येते. मला धार हवी असते तेव्हा इस्त्री उचलल्याबरोबर शिवणीवर लाकडाचा गुळगुळीत, बिनपॉलिशचा ठोकळा थंड होईपर्यंत ठेवते. मॅट आणि ठोकळा ही जोडी उत्तम आहे.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जिथे आठ टोकं एका बिंदूत येतात, तिथली गाठ मॅटमध्ये रुतून बसते आणि ब्लॉक वरून अगदी सपाट दिसतो. तोच ब्लॉक टेबलावर ठेवून बोट फिरवा, उंचवटा तिथेच असतो, आणि पुढे क्विल्टिंगच्या वेळी, म्हणजे थर एकत्र शिवताना, सुई तिथे अडखळते. अशा मध्यबिंदूला शिवणी दोन्हीकडे फाकवून दाबाव्यात किंवा मार्जिनमधले एक-दोन टाके उसवून मार्जिन गोल फिरवावी. मॅट हे काम करून देत नाही. तपासणी नेहमी कडक जागेवर करावी.

आता वाफ. मॅटची खरी कमकुवत बाजू हीच आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आपल्याला वाटतं कोरडी आहे, आणि खाली लाकडी टेबलाचं पॉलिश पांढरं पडत असतं. वासही येतो, ओल्या मेंढीचा. नव्या मॅटला तर जास्तच. मी आता कोरडी इस्त्रीच वापरते. हट्टी चुणी असेल तर कापडावरच पाण्याचा हलका फवारा देते, खाली उष्णता सोसणारा, पाणी न झिरपणारा थर ठेवते आणि काम झालं की मॅट भिंतीला उभी करते, दोन्ही बाजूंनी हवा लागते.

सुती कापडाच्या सेटिंगला, म्हणजे सुमारे 200 अंश सेल्सिअसला, रोज काम केल्याने मधोमध पिवळसर डाग पडले आहेत. कामात त्यांचा काही अडथळा नाही. खळ मात्र जळून चिकटते, म्हणून खळीचं कापड आधी वाळवून घ्यावं. काळ्या कापडाला लोकरीचे बारीक तंतू लागतात. गोंदाची चिकटपट्टी किंवा फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने गोंद वितळवून कापड चिकटवणं) यावर अजिबात करू नये, गोंद लोकरीत गेला की निघत नाही.

घेताना मॅट आपल्या नेहमीच्या ब्लॉकपेक्षा सगळीकडून दोन-तीन इंच मोठी घ्यावी. साडेबारा इंचांचा ब्लॉक असेल तर सतरा इंच बरी पडते. कडेवरून लोंबणारा ब्लॉक स्वतःच्या वजनाने ताणला जातो. पूर्ण जोडलेल्या क्विल्ट टॉपसाठी, म्हणजे गोधडीच्या वरच्या थरासाठी, कितीही मोठी मॅट अपुरी, त्यासाठी मी अजूनही जुना लांब बोर्डच काढते.