ग्नूकॅशमध्ये पगाराच्या नोंदी : छोट्या संस्थेतला वर्षभराचा अनुभव

ग्नूकॅश हे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर पगार काढून देत नाही, हे आधीच सांगते. पीएफ किती, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किती, व्यवसाय कर कोणाला लागू, यातलं त्याला काही कळत नाही. पगारपत्रक छापत नाही, पीएफच्या मासिक विवरणाची ईसीआर फाइलही बनवत नाही. तरीही आमच्या संस्थेचे पगार गेलं वर्षभर मी त्यातच नोंदवते आहे, आणि हिशेब पूर्वीपेक्षा स्वच्छ झालाय.

आमचा ट्रस्ट छोटा आहे. बालवाड्या, एक वाचनालय आणि जेमतेम अकरा माणसं. पीएफची सक्ती वीस माणसांपासून असली तरी आम्ही तो स्वेच्छेने घेतला आहे. आधी रोजकीर्दीत पगाराची एकच ओळ असायची : बँकेतून गेली तेवढी रक्कम पगार खर्चाला नावे (डेबिट). पुढच्या महिन्यात पीएफचं चलन भरलं की तेही खर्चाला नावे. वर्षाची बेरीज साधारण जुळायची, पण एखाद्या तारखेला सरकारचं आपण किती देणं लागतो, हे वहीतून कधीच कळायचं नाही.

ग्नूकॅशमध्ये एका व्यवहाराला हव्या तेवढ्या ओळी, म्हणजे स्प्लिट, जोडता येतात. पगारासाठी खरा उपयोग होतो तो याचाच. एक उदाहरण देते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. कर्मचाऱ्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८००. ईएसआय ०.७५ टक्क्यांनी ११२.५० येतो, तो वरच्या रुपयात घेऊन ११३. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही, त्यामुळे आमच्या बहुतेक सेविकांच्या नोंदीत ही ओळच नसते. हातात येतात १२,८८७.

नोंद अशी : वेतन खर्च नावे १५,०००; पीएफ देय जमा (क्रेडिट) १,८००; ईएसआय देय जमा ११३; व्यवसाय कर देय जमा २००; वेतन देय जमा १२,८८७. मग संस्थेच्या हिश्श्याची दुसरी नोंद : पीएफ १,८००, ईडीएलआय (पीएफबरोबरचा विमा) ७५, ईएसआय ४८८, एकूण २,३६३ खर्चाला नावे आणि त्याच देय खात्यांना जमा. पीएफचा प्रशासकीय आकार सगळ्यांचा मिळून महिन्याला एकदाच नोंदवते. तो किमान ५०० रुपये असतो. म्हणजे ज्याच्या हातात १२,८८७ पडतात त्याच्यावर संस्थेचे १७,३६३ खर्च होतात. देणगीदाराला अंदाजपत्रक देताना हाच आकडा लागतो, आणि तो आता खतावणीत समोर असतो.

शेवटची ओळ थेट बँकेला न टाकता ‘वेतन देय’ या खात्याला टाकावी, असं मी आग्रहाने सांगेन. पगार महिनाअखेर देय होतो, बँकेतून जातो पुढच्या आठवड्यात, आणि पासबुकात सगळ्यांची मिळून एकच रक्कम दिसते. माणसागणिक नोंदी वेतन देयला जमा आणि बँकेची एकच नोंद वेतन देयला नावे केली की बँक जुळवणी पटकन होते.

पीएफ आणि ईएसआय पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. या कर्मचाऱ्यापुरतं पाहिलं तर चलनांत ३,६७५ आणि ६०१ जातात. चलन नोंदवल्यावर दोन्ही देय खाती शून्यावर आलीच पाहिजेत. एक रुपया उरला तरी थांबून शोधावं. बहुतेकदा ईएसआयचा अपूर्णांक निघतो. १६ तारखेला देय खाती उघडून पाहणं ही माझी सगळ्यात कामाची सवय. माणसांच्या पगारातून कापलेला पैसा त्यांचा आहे, संस्थेचा नाही.

गणित मी स्प्रेडशीटमध्येच करते. ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या व्यवहारांत सूत्रं घालता येतात, पण बिनपगारी रजा आणि वरच्या रुपयात घेणं यांमुळे ते आमच्याकडे टिकलं नाही. त्यापेक्षा वर्णनात नाव टाइप केलं की मागच्या महिन्याच्या सगळ्या ओळी भरून येतात, ते जास्त सोयीचं. आकडेही जुनेच येतात, तेव्हा प्रत्येक ओळ पत्रकाशी ताडूनच एंटर दाबावं. बेरीज जुळली नाही तर फरक ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ खात्यात पडू शकतो. त्या खात्यात काहीही दिसलं की नोंद अपुरी आहे असं समजा. सेटिंग्जमध्ये औपचारिक हिशेबी शब्दांचा पर्याय सुरू केलात तर स्तंभांवर नावे-जमा दिसतं, आणि वही लिहिलेल्या माणसाला हायसं वाटतं.

बिझनेस मेनूत ‘एम्प्लॉयी’ आहे, त्याला भुलू नका. ते कर्मचाऱ्याने पदरचे केलेले खर्च, म्हणजे प्रवास, झेरॉक्स वगैरे, परत देण्यासाठी आहे. पगाराशी त्याचा संबंध नाही.

मला खरी अडचण आली ती प्रकल्पांची. टॅली या सॉफ्टवेअरसारखं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च प्रकल्पवार वेगळा दाखवायची सोय, इथे नाही, त्यामुळे वेतन खर्चाखाली बालवाडी, वाचनालय, प्रशासन अशी उपखाती करावी लागतात. एखाद्याचा साठ टक्के वेळ बालवाडीला आणि चाळीस वाचनालयाला असेल तर ९,००० आणि ६,००० अशा दोन ओळी. संस्थेच्या हिश्श्याचेही त्याच प्रमाणात तुकडे करायचे, १,४१७.८० आणि ९४५.२०. हे वगळलं तर विनियोग प्रमाणपत्रात, म्हणजे देणगी कशी खर्च झाली ते सांगणाऱ्या कागदात, प्रकल्पाचा खर्च कमी दिसतो आणि फरक संस्थेच्या स्वतःच्या निधीवर पडतो. काम वाढतं, पण आम्ही ते सोडत नाही.

फाइल एका वेळी एकालाच उघडता येते, म्हणून दोन लेखनिक असतील तर हे सॉफ्टवेअर गैरसोयीचं ठरेल. मराठी भाषांतर आहे, मी मात्र इंग्रजी मेनूच ठेवले आहेत. खात्यांची नावं मराठीत दिली तर काहीही अडत नाही.

तुमची संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी नसून कलम ८ ची (ना-नफा) कंपनी असेल तर आधी ऑडिटरशी बोला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंद न करता येणारी बदलनोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. ग्नूकॅशमध्ये जुनी नोंद सहज बदलता येते, आणि माझ्या मते त्या अटीत ते बसणार नाही.