जवळचं पंख्याचं विमान, की नागपूरचं जेट?

वरुड, मोर्शी, तिवसा, आर्वी, चांदूर रेल्वे या पट्ट्यातल्या माणसाला मुंबईचं विमान धरायचं तर आता दोन दारं आहेत. खुद्द अमरावतीत राहणाऱ्याला फार डोकं लावावं लागत नाही, काटोलवाल्याला तर नाहीच. पंचाईत होते ती मधल्यांची. एकीकडे बेलोरा, म्हणजे अमरावतीचा विमानतळ. तिथून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची सेवा सुरू झाली, तीही आठवड्यातून तीन दिवस, अलायन्स एअरच्या सत्तर आसनी एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. दुसरीकडे नागपूर. तिथून मुंबईला दिवसभरात बऱ्याच फेऱ्या, बहुतेक एअरबस ए३२०च्या कुळातल्या जेटच्या. गोंदिया-आमगावकडच्यांनी बेलोऱ्याच्या जागी बिरसी, म्हणजे गोंदियाचा विमानतळ, वाचावं. गावं आणि वाटा बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी वेगाचा गैरसमज काढून टाकू. एटीआर ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास जातं, एअरबस सव्वाआठशेच्या पुढे. कागदावर दीडपटीहून जास्त फरक. पण बेलोरा-मुंबई हवाई अंतर साधारण ५५० किलोमीटर आहे आणि नागपूर-मुंबई ६८०च्या घरात. शिवाय वर चढणं, खाली उतरणं आणि मुंबईच्या आभाळात रांगेत घिरट्या घालणं कोणालाच चुकत नाही. शेवटी वेळापत्रकात एटीआरचे पावणेदोन तास आणि जेटचे दीड तास. पंधरा मिनिटांसाठी भांडण्यात अर्थ नाही.

पंखे दिसतात म्हणून विमान जुनाट, ही समजूतही सोडावी. त्या पंख्यामागे टर्बाइनच असतं, प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू १२७. फक्त त्याची बहुतेक ताकद सहा पात्यांचा पंखा फिरवण्यात जाते. पाच-सहाशे किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणात हे गणित जेटपेक्षा कमी इंधनात बसतं. सत्तर सीटा भरायच्या आणि तिकीटही आवाक्यात ठेवायचं, तर कंपनीला दुसरा मार्ग फारसा नाही. शिवाय बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे. एटीआरला ती ऐसपैस होते. भरलेल्या ए३२०ला मात्र मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, हवा विरळ झालेली असताना, ती अपुरी पडते.

आता एटीआरच्या आतल्या गोष्टी, ज्या तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

दार मागे असतं. पुढच्या बाजूला दिसतं ते सामानाचं दार. म्हणजे मागच्या रांगेतला माणूस आधी उतरतो. पंखे पुढच्या भागाला समांतर असल्यामुळे आवाज आणि थरथरही तिथेच जास्त जाणवते. माझ्या कानांना शेवटच्या पाच-सहा रांगा निवांत वाटतात. पंख वरच्या बाजूला आहेत, त्यामुळे जवळपास प्रत्येक खिडकीतून खालची जमीन दिसते आणि पंखाच्या जरा मागे बसलं तर चाकं बाहेर येतानाही दिसतात. रचना दोन-दोन सीटांची, मधली सीट हा प्रकारच नाही. विमान रिकामं असेल तर हवाईसुंदरी कधी कधी सीट बदलायला सांगते. त्यात वशिला नसतो, तोल असतो. सामान चढवताना शेपटाखाली एक दांडा लावलेला दिसेल, तोही त्याचसाठी. मागे भार जास्त झाला तर नाक वर उचललं जाऊ नये म्हणून.

डोक्यावरचा कप्पा लहान आहे. कडक कवचाची, चाकं असलेली ५५ सेंटीमीटरची बॅग त्यात सहसा मावत नाही. कर्मचारी ती पायऱ्यांपाशीच घेऊन पोटात टाकतात. म्हणून औषधं, कागदपत्रं आणि पॉवरबँक आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवायची, कारण पॉवरबँक खालच्या सामानात चालत नाही. कापडी बॅग दाबून बसते. आणि मुंबईच्या पाहुण्यांसाठी संत्र्यांची पेटी न्यायची असेल तर वजनाची मर्यादा तिकिटावर पाहूनच घरून निघावं.

उन्हाळ्यातली खरी परीक्षा मात्र जमिनीवर होते. एअरबसच्या शेपटात एक छोटं वेगळं इंजिन असतं, एपीयू म्हणतात त्याला. मुख्य इंजिनं बंद असली तरी ते एसी चालू ठेवतं. एटीआरला ते नाही. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. वीज आणि हवा त्यातूनच मिळते, पण मागून जोराचा वारा असेल तर हा प्रकार करता येत नाही. आणि केला तरी मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या नळीला तो कितीसा पुरणार? पंखे फिरून विमान वर जाईपर्यंत घाम येतोच. रिकामी बाटली घेऊन तपासणी ओलांडा, आत गेल्यावर भरून घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर मुंबईकडे जाताना डावी बाजू मागा, ऊन उजवीकडून येतं.

हलतं का? हलतं. एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही. एप्रिल-मेच्या अवकाळी ढगांना त्याला वळसाच घालावा लागतो. जेटही फार सुखात असतं असं नाही, कारण आपल्याकडचे उन्हाळी ढग चाळीस हजारांच्याही वर जातात. पोट नाजूक असेल तर सकाळची फेरी बरी.

आता एटीआरच्या विरोधात सर्वांत जड जाणारी गोष्ट. दोष विमानाचा नाही, ताफ्याचा आहे. छोट्या कंपनीकडे विमानं मोजकी असतात आणि एकच विमान दिवसभर चार-सहा गावं फिरतं. सकाळी तिसऱ्याच कुठल्या तरी राज्यात एक झडप बिघडली की संध्याकाळी बेलोऱ्यावर माणसं ताटकळतात. मोठ्या कंपनीकडे राखीव विमान असतं, नसलं तर दोन तासांनी पुढची फेरी असते. इथे पुढची फेरी परवाची.

जगभर हे असंच आहे. ज्यांना हे जमलं त्यांनी ताफा वाटेप्रमाणे बेतला. नॉर्वेच्या विडेरो कंपनीकडे उत्तरेतल्या ८०० मीटरच्या धावपट्ट्यांसाठी डॅश ८ ही पंख्याची विमानं आहेत, तीही जुनी ३९ आसनी, कारण त्या मापाचं नवं विमान कोणी बनवतच नाही. लांबच्या वाटांसाठी त्यांनी वेगळी एम्ब्रेअर जेट घेतली. कॅनरी बेटांच्या बिंटर कंपनीचंही तेच: बेटाबेटांत एटीआर, दूर जायला एम्ब्रेअर. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे पावणेतीन किलोमीटरचं उड्डाण लोगनएअर कंपनीचं आठ प्रवासी नेणारं आयलंडर विमान दोनेक मिनिटांत उरकतं. आपल्याकडे अलायन्स एअरने कानपूरला बनलेलं डॉर्नियर २२८ हे छोटं विमान एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगड-पासीघाट वाटेवर आणलं, तेही याच विचाराने. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने उलटी वाट धरली, लहान गावांना थेट जेट: ५० आसनी ईआरजे १४५ आणि ७६ आसनी ई१७५. तुमच्या वाटेवर ई१७५ मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. मधली सीट नाही, जमिनीवर एसी आहे आणि उंचीही जेटची. बेलोऱ्याला ते येत नाही, मग चर्चा कशाला.

लहान गावांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेचा एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अशा वाटांवर साधारण निम्म्या सीटा ठरलेल्या कमाल भाड्याने द्यायच्या असतात, बाकीच्या बाजारभावाने. स्वस्तातल्या संपल्या की शेजारच्याने काय भरलं आणि तुम्ही काय भरताय याचा मेळ बसत नाही. सरकारची तूट भरपाई तीन वर्षांची असते. म्हणून वाटा येतात आणि जातात. बिरसीचंच बघा. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगचं एटीआर आलं, काही महिन्यांत थांबलं. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोचं एटीआर आलं. तेव्हा सहा महिन्यांनंतरच्या लग्नाचं तिकीट लहान विमानतळावरून काढताना जरा थांबा.

हिवाळ्यातलं धुकं आणि श्रावणातले खाली आलेले ढग हीसुद्धा लहान धावपट्टीची दुखणी. नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरायचं तर ५ किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं. आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा, असेल तर साडेपाचशे मीटरवर भागतं. डिसेंबरमधल्या सकाळी हा फरक तिकीट रद्द होण्याइतका असतो.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग नागपूरच बरं की बाप्पा. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. तिथे एअरोब्रिज आहे, गुडघे दुखणाऱ्यांना जिना चढावा लागत नाही. (एटीआरला पायऱ्या दारातच जोडलेल्या असतात आणि त्या मोजक्याच आहेत, हेही सांगायला हवं.) एक फेरी चुकली तर दुसरी आहे. स्पर्धेमुळे भाडंही कधी कधी कमी पडतं.

पण नागपूरचं खरं दुखणं परतीच्या रात्री कळतं. मुंबईतली कामं संध्याकाळी संपतात, म्हणून माणूस रात्रीचं विमान घेतो. ते नागपूरला साडेनऊ-साडेदहाला टेकतं. पट्ट्यावरून बॅग यायला वीस मिनिटं. मेट्रोचं स्टेशन एअरपोर्ट नावाचं असलं तरी टर्मिनलला चिकटून नाही, आणि दहाच्या सुमारास मेट्रोही आटोपते. गणेशपेठला रिक्षाने पोचेपर्यंत आपल्या गावाची शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग तीनच पर्याय उरतात: स्टँडवर पहाटेपर्यंत बसणं, लॉज घेणं किंवा गाडी करणं. गाडीवाला जाण्या-येण्याचे मिळून किलोमीटर लावतो. गाव ११० किलोमीटरवर असेल तर २२० धरतो. दर १३ रुपये मानला तर २,८६० रुपये, वर टोल आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता. स्वस्त तिकिटातली बचत इथेच जिरते. पैशाचं सोडा, कोंढाळीच्या जंगलात रात्री रोही (नीलगाई) आडवे येतात आणि संत्र्याच्या हंगामात वरुड-काटोल रस्त्यावर ट्रकांची रांग असते. पेंगत्या ड्रायव्हरशेजारी जागं राहून घरी पोचायला दोन वाजतात. दीड तासाच्या विमानाचा प्रवास सात तासांचा होतो, आणि त्यातला सगळ्यांत धोक्याचा भाग जमिनीवरचा असतो.

बेलोऱ्यासारख्या ठिकाणची सेवा बहुधा दिवसाउजेडी असते. उतरलं की शंभरेक पावलांवर बाहेर, सामान हाताशी. घरून दुचाकीवर कोणी घ्यायला येऊ शकतं, नाहीतर रिक्षाने अमरावती स्टँड गाठायचा आणि तिथून एसटी. एटीआरमधला घाम, लहानसा कप्पा, आवाज, हे सगळं मला त्या एका रात्रीपेक्षा हलकं वाटतं. दुसऱ्याला वाटणार नाही कदाचित. ज्याच्या घरी गाडी आणि चालवणारा मुलगा आहे त्याने नागपूर धरलं तर मी हटकणार नाही.

म्हणून माझा सल्ला जरा तिरपा आहे: जाताना नागपूर, येताना बेलोरा. कोर्टाची तारीख, डॉक्टरची वेळ किंवा पुढचं परदेशी विमान असेल तर जाताना उशीर परवडत नाही. तिथे अनेक फेऱ्या असलेलं नागपूर बरं, आणि सकाळी गावातून नागपूरला एसट्याही भरपूर. येताना उशीर झाला तर फार तर घरी जेवायला उशीर होतो. देशातल्या देशात एका बाजूचं तिकीट वेगळं काढलं तरी सहसा महाग पडत नाही. दुचाकी किंवा कार मात्र नागपूरला ठेवून जाऊ नका. परतणार दुसरीकडे, गाडी राहील तिथेच.

परतीच्या दिवशी सकाळी एक काम करा. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर तुमचं एटीआर आधीच्या गावाहून निघालं का ते पाहा. नसेल निघालं तर मुंबईतल्या घरून अंधेरीकडे निघायची घाई नको. दोन तासांच्या पुढे उशीर झाला तर चहा-नाश्ता कंपनीने द्यायचा असतो, तो मागून घ्या. सहा तासांच्या पुढे गेलं तर दुसरं विमान किंवा पैसे परत, निवड तुमची. आयत्या वेळी फेरी रद्द झाली आणि कारण हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते भरपाई म्हणून मिळतं. ते काउंटरवर तोंडी मागू नका, लेखी मागा, आणि रद्द झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा.