गावात फायबर घेतलं त्याला आठ महिने झाले, आमचा अनुभव

शिमग्याच्या आधी आमच्याकडे फायबर, म्हणजे काचेच्या तारेतनं येणारं इंटरनेट, बसलं, आता दिवाळी आली. मधे अख्खा पावसाळा गेला आणि डांगाणातला, म्हणजे आमच्या सह्याद्रीतल्या डोंगराळ पट्ट्यातला पावसाळा ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय की खरी परीक्षा तीच, म्हणून मुद्दाम थांबले होते, आता लिहितेय.

आधी काय होतं ते सांगते. मोबाईलला रेंज म्हणजे देवळामागच्या टेकडीवर आंब्याचं एक झाड आहे त्याच्या बुडाशी, बाकी गावात कुठंच नाही. पोरांचा ऑनलाइन अभ्यास तिथं, पीएम किसानची केवायसी तिथं, रेशनचं अंगठ्याचं मशीनसुद्धा तिथंच नेऊन ठेवायचे आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या गुडघे धरत चढायच्या, का तर तांदूळ घ्यायचाय. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून कोणी म्हणालं ना की खेड्यात इंटरनेट कशाला, पोरं बिघडतात, तर मला राग येतो.

आणि केबल तर गावात केव्हाच आलेली! ही भारतनेटची केबल. केंद्राने 25 ऑक्टोबर 2011 ला देशातल्या जवळजवळ अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायचं ठरवलं, तेव्हा नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, 2015 पासून भारतनेट म्हणतात. पैसा कुठून, तर टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलाचा 5 टक्के हिस्सा सरकारच्या एका निधीत जातो, त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे आपण सगळे जे रिचार्ज मारतो त्यातलाच पैसा आहे तो, गावाने हक्काने मागायचा. पण आमच्या पंचायतीत काय झालं, खोलीत इंटरनेटची पेटी बसली, बॅटरी बसली, दोनेक महिने लाईट लुकलुकला आणि मग बॅटरी गेली ती गेलीच. कपाटाला कुलूप. कागदावर गाव जोडलेलं आणि आम्ही टेकडीवर.

फरक पडला तो पंचायतीपासून घरापर्यंतचं काम गावातल्याच पोराकडे आलं तेव्हा. योजनेत उद्यमी म्हणून तशी सोय आहे, स्थानिक माणूस कनेक्शन देतो, देखभाल करतो, बिलातला वाटा त्याला मिळतो. आमच्या खालच्या आळीतल्या आयटीआय झालेल्या पोराने ते घेतलं, बॅटरी बदलून घेतली आणि तीन महिन्यांत गावात चाळीसेक घरं जोडली.

आमचा प्लॅन महिना 449 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 530 रुपये पडतात, स्पीड 30 एमबीपीएस. दिवसा 25 ते 28 मिळतो, रात्री आठ ते दहा सगळे टीव्हीवर असतात तेव्हा स्पीड बारा एमबीपीएसच्या आसपास येतो, पण व्हिडिओ अडकत नाही. पोरगी बारावी सायन्सला आहे, तिचे लेक्चर घरात होतात. मी लोकांचे फॉर्म भरून देते, सातबारा, महाडीबीटी, पीकविमा, आधी यासाठी तालुक्याला एसटीने जाऊन अख्खा दिवस आणि दोनशे रुपये जायचे. सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, डॉक्टर दिसतायत म्हणून त्यांनी आधी डोक्यावर पदर घेतला.

आता पावसाळा. जुलैत रस्त्याच्या गटाराचं काम चाललेलं, जेसीबीने केबल तोडली. राउटरवर लाल लाईट, गाव बंद, एकदम नऊ दिवस. तालुक्यावरनं आमच्याकडे एकच लाईन येते, ती कुठंही तुटली की पुढची सगळी गावं जातात. तुटलेली जागा सापडायलाच सहा दिवस गेले, कारण ती आमच्या हद्दीत नव्हती आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

जोडणी मी बघायला गेले होते. वरून ताडपत्री धरलेली, पोरगा चिखलात गोणपाटावर बसलेला. केबल सोलली, आतनं ग्रीससारखं चिकट निघालं, त्यात निळ्या, नारिंगी, हिरव्या रंगाच्या केसाएवढ्या तारा, काचेच्या. एकेक स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, स्क्रीनवर दोन टोकं हळूहळू जवळ येतात, बारीक ठिणगी पडते आणि एक होतात. सगळ्या तारा जोडायला तीन तास. त्यातच कुणी छत्री हलवली की पाणी पडतं आणि ती तार पुन्हा पहिल्यापासून. ते मशीनही त्याचं नव्हतं, दुसऱ्या तालुक्यातनं मागून आणलेलं.

म्हणून माझं ठाम मत सांगते, खेड्यात कनेक्शन घ्यायचं असेल तर स्पीड नंतर विचारा, आधी विचारा की तार तुटली तर जोडणारा कुठं राहतो आणि मशीन कुणाकडं आहे. 4 ऑगस्ट 2023 ला भारतनेटची 1,39,579 कोटींची सुधारित योजना मंजूर झालीय, त्यात पंचायती रिंगने जोडायच्या म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील, आणि दहा वर्षांची देखभालही धरलीय. आमच्याकडे रिंग अजून यायचीय.

घेणाऱ्यांनी राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्याच, आमच्याकडे लाईट सारखी जाते. आणि बसवताना तारेतनं येणारा सिग्नल मोजून घ्या, तो डीबीएममध्ये मोजतात, आमचा उणे 22 आहे, उणे 27 च्या खाली गेला की नेट रडतं.

एक काम राहिलंय. आमची गट ग्रामपंचायत, केबल फक्त आमच्या गावात, पलीकडच्या गावाला अजून काहीच नाही, तिथली पोरं अजून त्याच टेकडीवर येतात. सुधारित योजनेत पंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांनाही मागणीप्रमाणे जोडायचं धरलंय, अशी 3.8 लाख गावं आहेत. मागणी केली तरच येणार, म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा, अर्ज मी लिहून ठेवलाय आणि पलीकडच्या बायकांच्या सह्या घ्यायला उद्यापासून जातेय.