युज युअर इल्युजन : पिवळा की निळा?

गन्स एन' रोझेस हा अमेरिकन रॉक बँड मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला, त्यानंतर ओळखीतल्या काहींनी त्याचे अल्बम रीतसर विकत घ्यायला सुरुवात केली. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' या पहिल्या अल्बमबद्दल कुणी विचारत नाही, तो घ्यायचाच असतो. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. 'युज युअर इल्युजन'चे दोन भाग आहेत. १७ सप्टेंबर १९९१ ला दोन्ही एकाच दिवशी आले, पण वेगवेगळे विकले गेले. मुखपृष्ठावरचं चित्रही एकच आहे. रॅफेलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'मधला एक तुकडा उचलून मार्क कोस्टाबीनं केलेलं. पहिल्या भागाला पिवळा-तांबडा रंग, दुसऱ्याला निळा-जांभळा. प्रत्येकी सुमारे सव्वा तास संगीत. सध्या एकच घ्यायचा असेल, तर कोणता?

लोकांचा कौल सुरुवातीलाच निळ्याकडे गेला होता. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत निळा थेट पहिल्या क्रमांकावर उतरला आणि पिवळा दुसऱ्या. त्याचं एक कारण उघड आहे : त्याच उन्हाळ्यात 'टर्मिनेटर २' हा चित्रपट आला होता, आणि त्यातलं 'यू कुड बी माइन' निळ्यात होतं.

निळ्याच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. 'सिव्हिल वॉर'पासूनच घ्या. दोन्ही भागांत मिळून बँडचा जुना ड्रमर स्टीव्हन ॲडलरनं ड्रम्स वाजवलेलं हे एकच गाणं. बाकी सगळीकडे 'द कल्ट' या बँडमधून आलेला मॅट सोरम आहे. सोरम ताकदीचा वादक, ठेका कुठे सुटत नाही. पण ॲडलरच्या हातात एक डुलणं होतं. 'ॲपेटाइट' ज्यांना त्या डुलण्यासाठी आवडला, त्यांना ते इथे शेवटचं ऐकायला मिळतं. आणि मग 'एस्ट्रेंज्ड'. नऊ मिनिटांहून मोठं, धरून ठेवायला धृपद नाही, आणि तरी स्लॅशची गिटार एकेक सुरावट अशी मांडत जाते की वेळेचं भान राहत नाही. सीडीसोबतच्या पुस्तिकेत गायक ॲक्सल रोझनं या सुरावटींसाठी स्लॅशचे वेगळे आभार मानले आहेत, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. पिवळ्यातलं 'नोव्हेंबर रेन' जास्त लोकांना ठाऊक असेल, पण दोन्हींत श्रेष्ठ कोणतं असं विचारलंत तर मी 'एस्ट्रेंज्ड'च म्हणेन.

इतकं असूनही मी पिवळ्याच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

मी अल्बम सलग ऐकतो. रात्री, हेडफोन लावून, मधलं काही न गाळता. अशा ऐकण्यात शेवट फार महत्त्वाचा ठरतो. भैरवी झाल्यावर गायकानं पुन्हा काही गायला घेऊ नये, तसंच. निळ्याच्या शेवटाकडे 'डोन्ट क्राय' येतं, पिवळ्यातल्यापेक्षा वेगळे शब्द असलेलं. त्यातला ॲक्सलचा तो शेवटचा लांबलचक स्वर संपतो, मन जागेवर आलेलं असतं, आणि तेवढ्यात 'माय वर्ल्ड' सुरू होतं. जेमतेम दीड मिनिटाचं. यंत्राचा ठेका, त्यावर ॲक्सलचं रॅपसारखं बोलणं, गिटार नाही, बँडची ओळख पटावी असं काहीच नाही. आधीच्या तासाभरात जे उभं राहिलं ते त्या दीड मिनिटात विस्कटतं. ते टाळायचं तर आधीच सावध राहून बंद करायला हवं, आणि सावध राहिलं की 'डोन्ट क्राय'चा शेवट मोकळेपणानं ऐकला जात नाही. मी ही खटपट पुष्कळ दिवस केली. मग रात्रीच्या ऐकण्यातून निळा आपोआप मागे पडला.

पिवळा संपतो 'कोमा'नं. दहा मिनिटांहून मोठं, त्यांच्या सगळ्या गाण्यांत लांब. स्लॅशची चाल, मरणाच्या दारात पडलेल्या माणसाचे शब्द, मध्ये हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राचा आवाज. यातही धृपद नाही. शेवटच्या भागात ॲक्सल एका दमात जे बोलत-ओरडत सुटतो, त्यानंतर खरोखर काहीच लावावंसं वाटत नाही. अल्बम तिथेच संपतो, आणि तिथेच संपायला हवा होता.

दुसरं कारण गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन. बँडचा हा कणा नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे अल्बम येऊन दोन महिने होतात न होतात तोच, बाहेर पडला. मुख्य आवाज त्याचा आहे अशी गाणी पिवळ्यात तीन आहेत, 'डस्ट एन' बोन्स', 'यू एंट द फर्स्ट' आणि 'डबल टॉकिन' जाइव्ह'. निळ्यात एकच, '१४ इयर्स'. त्याचा तो कोरडा, आळसावलेला आवाज मध्येमध्ये येतो म्हणून पिवळ्यातली सोळा गाणी जड होत नाहीत. निळ्यात गाणी चौदाच, पण मला ती लांब वाटतात. हा कदाचित माझ्या कानांचा दोष असेल.

पिवळ्यात भरताड नाही असं नाही. दोन-तीन गाणी गाळली असती तरी चाललं असतं. शिव्या दोन्हीकडे आहेत, पण निळ्यातल्या 'गेट इन द रिंग'मध्ये संगीत समीक्षकांची नावं घेऊन त्यांना मारामारीचं आव्हान दिलंय, ते आज ऐकवत नाही.

तुम्ही सुटी गाणी ऐकणारे असाल, प्रवासात मनाला येईल ते लावणारे, तर निळा घ्या. 'सिव्हिल वॉर', 'एस्ट्रेंज्ड', 'लोकोमोटिव्ह' एवढ्यावर पैसे वसूल होतात, आणि 'माय वर्ल्ड' तुमच्या वाटेला येणारही नाही. सलग ऐकणारे असाल तर माझं मत पिवळ्याला. दोन्हींतली निवडक गाणी शिव्या काढून एकत्र केलेली १९९८ची एक सीडी जुन्या बाजारात दिसते. त्यात 'कोमा' नाही, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका.

पिवळा घेताना आवृत्ती तेवढी पाहा. मूळ 'नोव्हेंबर रेन'मधला वाद्यवृंद सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. २०२२च्या आवृत्तीत तिथे ५० वादकांचा खरा वाद्यवृंद आला. नवं भरदार आहे, वाईट मुळीच नाही. मला मात्र जुन्यातला तो थोडा पातळ आवाजच गाण्याला जास्त शोभतो असं वाटतं, तेव्हा १९९१ची सीडी मिळाली तर तीच उचला.