बॉल पायथन की कॉर्न स्नेक? खाण्यावरून ठरवा

घरात पाळायचे हे दोन्ही साप बिनविषारी, दोन्ही सौम्य, आणि मुंबईतल्या वन बीएचकेतही दोघांची सोय होते. पेटीचं माप आणि रंगांचे प्रकार तुम्ही आधीच पाहिले असतील, म्हणून त्यात शिरत नाही. माझ्याकडे दोन्ही राहिले आहेत. कोणी विचारलं तर मी एवढंच विचारतो: साप जेवला नाही तर तुम्हाला झोप लागेल का?

बॉल पायथन जेवण सोडतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या सापाचे मोठे नर विणीच्या काळात महिनोन्‌महिने काही खात नाहीत आणि तरीही ठणठणीत असतात. कात टाकायची वेळ आली, डोळे निळसर झाले, की तोंड फिरवतात. पेटीची जागा बदलली किंवा लपायची ढोली अंगाला ऐसपैस झाली तरी तेच. त्यात मुंबईची भर. मे महिन्यात रात्री एसी लावला की पेटी गार पडते आणि भूक मरते. गणपतीत गल्लीत ढोल-ताशे सुरू झाले की माझा बॉल ढोलीबाहेर डोकं काढत नसे. जमिनीची थरथर सापाला अंगातून कळते. कारण ढोलच होते असं छातीठोकपणे सांगणार नाही, पण दरवर्षी तसंच व्हायचं.

मला खरा नकोसा झाला तो सापाला भरवायचा गोठवलेला उंदीर. बॉलच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. नुसता वितळवून भागत नाही, जिवंत प्राण्याच्या अंगाइतका, म्हणजे ३८-४० अंशांपर्यंत गरम करावा लागतो, विशेषतः डोक्याकडून. बॉल निशाचर, म्हणून हा उद्योग रात्रीचा. लोकलचा प्रवास करून घरी यायचं, पिशवीत बांधलेला उंदीर गरम पाण्यात ठेवायचा, कोरडा करून हेअर ड्रायरखाली धरायचा, आणि मग दिवा मालवून चिमटा हातात घेऊन थांबायचं. जीभ दोनदा हलते, मान दुसरीकडे वळते, संपलं. न खाल्लेला उंदीर तसाच पेटीत सोडून पाहिला तर सकाळपर्यंत आपल्या हवेत त्याला वास सुटतो, आणि एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही. कचऱ्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ‘जिवंत सोडा, घेईल’ असं सांगणारे भेटतात, पण भूक नसलेल्या सापाला जिवंत उंदीर कुरतडतो, त्या जखमा वाईट असतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

पैशापेक्षा संशय जास्त छळतो. हट्ट आहे की आजार? वजन करत राहणं हा त्यातला खरा आधार. वजन टिकून असेल तर थांबावं. दहा टक्क्यांच्या पुढे घटलं, तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा तोंडाशी फेस दिसला तर लगेच डॉक्टर. सापांचे जाणकार डॉक्टर या शहरात मोजके, आणि ट्रॅफिकमधून तिथवर नेलेला बॉल परतल्यावर आणखी काही दिवस तोंड उघडत नाही.

कॉर्न स्नेकच्या ओठांवर तशा खाचा नसतात. तो वासावर आणि हालचालीवर झेप घेतो. खोलीच्या तापमानाला आलेला उंदीर चिमट्यात धरून जरा हलवला की काम होतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप, त्याला बॉलइतकी ऊब लागत नाही, त्यामुळे रात्रीचा एसीही माझ्याकडच्या कॉर्नला फारसा बाधला नाही.

त्याचेही त्रास आहेत. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू रानात पाली आणि बेडकांवर जगतं, म्हणून काही पिल्लं उंदराच्या गुलाबी पिल्लाला सुरुवातीला तोंड लावत नाहीत. जेवल्यावर दोन दिवसांच्या आत हाताळला किंवा घास मोठा झाला तर ओकतो, आणि मग निदान दहा दिवस पोटाला विश्रांती देऊन लहान घासापासून सुरुवात करावी लागते. पावसाळ्यात ओलं राहिलेलं अंथरूण त्याच्या पोटाच्या खवल्यांना लवकर बाधतं, दमट हवा बॉल जास्त सोसतो. झाकणाची फट बोटाएवढी असली तरी कॉर्न निसटतो. हातावर शांत बसून राहण्यात तर बॉलची सर त्याला येत नाही. बॉल वीस-तीस वर्षं सोबत करतो, हेही काहींना मोलाचं वाटेल.

कागदांचं थोडक्यात: धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न त्या यादीत नाही, तरी पावती जपून ठेवा.

ज्यांच्याकडे एसीपासून दूर, गडबड नसलेली खोली आहे आणि साप दोन महिने जेवला नाही तरी जे शांत राहू शकतात, त्यांनी बॉल जरूर घ्यावा. नोकरी सांभाळून पहिला साप पाळणाऱ्याला मी कॉर्नच सुचवेन, तोही काही महिन्यांचा, गोठवलेल्या उंदरावर रुळलेला. विकणाऱ्याला तुमच्यासमोर एकदा भरवायला सांगा आणि साप जेवलेला पाहूनच पैसे द्या.