ट्रेलर ओढायला घेतलेली डिझेल एसयूव्ही, दोन वर्षं वापरल्यावर

कंपनी आणि मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण नावावर जाऊन गाडी घेतली तिथेच मी पहिल्यांदा फसलो होतो. आता आहे ती लॅडर फ्रेमवाली (खाली वेगळी मजबूत चौकट, वर बॉडी), डिझेल, ऑटोमॅटिक, मोठी एसयूव्ही. मागे राहायचा ट्रेलर, डबल एक्सल, भरून 2040 किलो. पाचपैकी चार स्टार देतो. एक का कापला ते पुढे येईलच.

आधीची गाडी पेट्रोल, मोनोकॉक (वेगळी चौकट नाही, बॉडीच चौकट), दिसायला झकास. ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात 2200 किलो ओढते असं लिहिलेलं आणि ट्रेलरच्या स्टिकरवर 1650, म्हटलं झालं की, अजून साडेपाचशे किलो हातात आहेत. हे 1650 म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन हे कोणी सांगितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यात पाण्याची टाकी भरा (एक लिटर म्हणजे एक किलो, यात सूट नाही), गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणं, खुर्च्या, आणि "हे पण असू दे" म्हणून टाकलेल्या सतरा वस्तू, की 2040 होतात. तरी 2200 च्या आतच ना? मग एका उतारावर शेजारून लांबलचक बस गेली आणि ट्रेलरने मागे शेपूट हलवायला सुरुवात केली, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, प्रत्येक वेळी थोडं जास्त, स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागायला लागलं. ब्रेक मारला नाही ही नशिबाची गोष्ट, नुसता पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हिने पुढचे दोन तास एक शब्द काढला नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा दरवाजाच्या खांबावरचं पेलोडचं स्टिकर नीट वाचलं. 480 किलो. यात माणसं, डिकीतलं सामान, हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा) आणि ट्रेलर नाकाने गाडीवर जो भार टाकतो तो, सगळं बसवायचं असतं. नाकावरचं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं म्हणतात (युरोपातल्या हलक्या कॅरावॅनना कमी चालतं), त्यापेक्षा खाली गेलं की शेपूट हलणारच. ते मोजायला बाथरूममधला वजनकाटा घेतला, पण तो दीडशेच्या वर दाखवतच नाही, मग फळीची युक्ती केली: फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं त्याच उंचीच्या विटांवर, मध्ये तीन फूट अंतर आणि ट्रेलरचं नाक विटांपासून एक फुटावर. काट्यावर जे दिसेल त्याची तिप्पट. फळीचं वजन वजा करून 83 आलं, म्हणजे 250 च्या आसपास, साधारण 12 टक्के, ते बरोबरच होतं. पण 250 हे, आम्ही चौघं 260, सामान 90, हिच 35, बेरीज 635. दीडशे किलोने ओव्हर! मागचं सस्पेन्शन बसलेलं, त्यामुळे पुढची चाकं उचलल्यासारखी, स्टिअरिंग हलकं का लागलं ते तेव्हा कळलं.

म्हणून ही नवी घेताना सेल्समन 3500 किलो 3500 किलो करत होता तेव्हा मी सरळ दरवाजा उघडून स्टिकर बघितलं. पेलोड 720, म्हणजे माझे 85 उरतात. गंमत म्हणजे त्याचे 3500 सुद्धा कागदावरचेच. गाडी रिकामी 2400 आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून मर्यादा 5950, तर 3500 चा ट्रेलर लावल्यावर गाडीत भरायला उरतात 50 किलो. ड्रायव्हरलाच डाएटवर जावं लागेल.

चालवायला कशी? व्हीलबेस लांब आणि मागचं एक्सल हिचच्या जवळ, त्यामुळे शेजारून ट्रक गेला तरी नुसता एक हलका धक्का जाणवतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावलंय, ते पुढच्या चाकांवर भार परत आणतं, पण पेलोड वाढवून देत नाही हे लक्षात ठेवा, आणि तुमच्या गाडीला ते चालतं का हे मॅन्युअलमध्ये बघूनच लावा. चढावर टर्बोचा फरक कळतो, आधीचं बिनटर्बो पेट्रोल दर हजार मीटर उंचीला साधारण 10 टक्के दम सोडायचं, घाटाच्या टोकाला नुसतं ओरडायचं. पण मला चढापेक्षा उताराची भीती, आणि तिथे ही मस्त आहे: टो मोड (ट्रेलर ओढतानाचं सेटिंग) लावला की खालचा गिअर धरून ठेवते, ब्रेकला अधूनमधूनच पाय लावायचा, जळका वास नाही. ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर कंपनीचाच, गुडघ्याजवळ नंतर ठोकलेला डबा नाही, हाताशी आहे. शेपूट हललंच तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबता येतात, तेवढ्यासाठीसुद्धा घ्यावा.

आता कापलेला स्टार. ट्रेलर नसताना मागचं सस्पेन्शन इतकं कडक की स्पीडब्रेकरवर मागे बसलेली मुलं उडतात. एकटीने लिटरला अकरा देते, ट्रेलर लावला की सहा, समोरून वारा असला तर तेही नाही. आरसे अरुंद, क्लिप ऑन वेगळे घ्यावे लागले. सात पिनच्या सॉकेटचं झाकण फालतू, आत माती गेली आणि एका संध्याकाळी ट्रेलरचे मागचे दिवेच बंद. इलेक्ट्रिक पण चालवून बघितली, ओढायला जबरदस्त, पण रेंज जवळपास निम्मी होते आणि बऱ्याच चार्जरला ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागतच नाही.

सध्या घरात सायकलींवरून वाद चालू आहे. पोरगा म्हणतो ट्रेलरच्या मागच्या बंपरला टांगू, पण तिथे टांगल्या की नाकावरचं वजन कमी होऊन शेपूट परत मोकळं. गाडीच्या टपावर टाकल्या तर त्या 85 किलोतून जातात, त्यातले वीसेक त्याने स्वतःच या वर्षात खाल्लेत. सायकली अजून घरीच आहेत.